पडण्याची शाळा

२५ जुलै २०२२ ची गोष्ट. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडी नावाचं गाव आहे. त्या दिवशी तिथल्या एका शेतात एक छोटं विमान येऊन पडलं. बारामतीच्या धावपट्टीवरून उडालेलं, सेसना १५२ जातीचं, प्रशिक्षणाचं विमान. आत एकच माणूस होतं, ते म्हणजे शिकाऊ वैमानिक. सोबत शिक्षक नव्हता. विमानाची मोडतोड झाली, वैमानिकाला किरकोळ दुखापत झाली आणि जीव वाचला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आपण बातमी वाचली, पान उलटलं आणि चहाचा पुढचा घोट घेतला.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली. त्याही वेळी जीव वाचले. विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं. आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात त्यावर जी चर्चा झाली तिचा मथितार्थ एवढाच होता, की ज्याला येत नाही त्याने कशाला उडावं?

मंडळी, मला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. ज्याला येत नाही तोच तर शिकतो ना? आणि शिकताना जो पडतो, त्याच्या पडण्याचं काय करायचं, हा प्रश्न माणसाने विमान बनवलं त्या दिवसापासून त्याच्यासोबत आहे. आज त्याचीच हकिकत सांगायची आहे. मी काही विमानातला जाणकार नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण माझे मामू ट्रक चालवायचे आणि आमच्याकडे क्लीनरला गाडी शिकवणाऱ्या ड्रायव्हरला उस्ताद म्हणतात. शिकणं, चुकणं आणि उस्तादाने त्या चुकीचं काय करायचं, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते ट्रकच्या केबिनमध्ये.

तर सुरुवात राइट बंधूंपासून करू. १७ डिसेंबर १९०३ ही तारीख शाळेच्या पुस्तकात असते. त्या दिवशी अमेरिकेतल्या किटी हॉकजवळच्या वाळूत ऑर्व्हिल राइटचं विमान १२ सेकंद उडालं. पण त्याच्या तीन दिवस आधी काय झालं, ते पुस्तकात बहुधा नसतं. १४ डिसेंबरला दोघा भावांनी नाणं उडवून कौल घेतला होता. कौल थोरल्या विल्बरच्या बाजूने लागला. जवळच्या जीवरक्षक ठाण्यावरची माणसं मदतीला आली होती. त्यांच्यासोबत दोन पोरं आणि एक कुत्राही होता. इंजिन सुरू होताच त्या आवाजाने पोरांनी धूम ठोकली.

विमान उतारावरच्या रुळावरून घसरत निघालं आणि विल्बरने त्याचं नाक जरा जास्तच वर उचललं. विमान चढलं, मंदावलं, वरच्या वर अडखळलं आणि खाली आलं. डावा पंख वाळूला टेकला, विमान गरकन फिरलं आणि पुढच्या बाजूचे काही भाग मोडले. सारा कार्यक्रम साडेतीन सेकंदांचा. जगातल्या पहिल्या यशस्वी विमानाची पहिली खेप म्हणजे असा एक किरकोळ अपघात होता आणि तो एका शिकाऊ माणसाच्या हातून झाला होता. शिकाऊच म्हणायचं, कारण इंजिनचं विमान चालवायला त्याला शिकवणार कोण? तोपर्यंत ते कुणालाच येत नव्हतं.

इथे त्या भावांचं वागणं पाहण्यासारखं आहे. विल्बरने वाऱ्याला, वाळूला, इंजिनला दोष दिला नाही. सुरुवातीला आपला अंदाज चुकला, यंत्राची ताकद पुरेशी आहे, यश नक्की आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यांनी घरी वडिलांना कळवला. दोन दिवस दुरुस्ती केली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहिले. १७ तारखेला चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला ५९ सेकंद आणि ८५२ फूट, आणि तेव्हा विमानात होता तो विल्बरच, तीन दिवसांपूर्वी पडलेला.

ही सवय त्यांना एका दिवसात लागली नव्हती. जर्मनीतला ओटो लिलिएनथाल १८९६ मध्ये ग्लायडरवरून पडून मरण पावला, तेव्हापासून ‘माणूस पडतो का’ हा प्रश्न या भावांच्या डोक्यात होता. १९०२ च्या शरद ऋतूत त्यांनी इंजिन नसलेल्या ग्लायडरवर शेकडो उड्डाणं केली. कधी कधी त्यांचं ग्लायडर वळताना एका बाजूला घसरत जाई आणि खालच्या पंखाचं टोक वाळूत रुतून गोल फिरे. वाळूत खड्डा पडे. या प्रकाराला त्यांनी गमतीने ‘विहीर खोदणं’ असं नाव दिलं होतं. ही विहीर का खोदली जाते, याचा विचार करताना एका रात्री ऑर्व्हिलला झोप लागेना. त्या रात्री त्याने कॉफी जास्त घेतली होती म्हणतात. पहाटेपर्यंत त्याला उत्तर सुचलं, की मागचं उभं शेपूट घट्ट बसवायचं नाही, ते हलतं ठेवायचं. विमान ताब्यात ठेवण्याची किल्ली त्या वाळूतल्या खड्ड्यांतून अशी वर आली.

आता थोडं यंत्राबद्दल बोलू. विल्बर पडला तो ज्या कारणाने, त्याला विमानाच्या भाषेत ‘स्टॉल’ म्हणतात. आपल्या गॅरेजमध्ये गाडी स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं. विमानाचा स्टॉल वेगळा. त्यात इंजिन व्यवस्थित चालू असू शकतं. ज्यांनी पतंग उडवलाय त्यांना हे चटकन कळेल. पतंग वाऱ्याशी ठरावीक तिरका राहिला की वर चढतो. हा तिरकेपणा बिघडला, की वारा असूनही तो गोते खाऊ लागतो. विमानाच्या पंखाचं तसंच आहे. नाक वर, आणखी वर उचलत गेलं, की एका मर्यादेनंतर पंखाच्या वरून वाहणारी हवा पंखाला सोडते आणि पंख विमानाचं वजन पेलत नाही.

त्यातही एक पंख आधी हरला, की विमान त्या बाजूला कलंडतं आणि भोवऱ्यासारखं गिरक्या घेत खाली येतं. आणि इथेच माणसाचा स्वभाव त्याला दगा देतो. समोर जमीन गरगरत वर येताना दिसते, तेव्हा कुणालाही वाटतं की हातातली दांडी मागे ओढावी, नाक वर करावं. पण ओढलं की पंख त्याच हरलेल्या अवस्थेत अडकून राहतो. करायचं असतं नेमकं उलटं. गिरकीच्या विरुद्ध पायाने सुकाणू दाबायचं आणि दांडी पुढे, जमिनीच्या दिशेने सोडायची. पंखाला पुन्हा हवा मिळाली, की मग हलकेच वर यायचं. हे ऐकायला सोपं आहे. पण जमीन अंगावर येत असताना हात पुढे न्यायचा, हे आपोआप येत नाही. ते शिकवावंच लागतं.

१९१२ पर्यंत अशी गिरकी म्हणजे मरण, असंच समजत. त्या वर्षी २५ ऑगस्टला इंग्लंडच्या सॅलिसबरी मैदानावर विल्फ्रेड पार्क नावाच्या नौदलातल्या लेफ्टनंटचं विमान गिरकीत सापडलं. त्याने आधी दांडी ओढली. उपयोग झाला नाही. जमीन अगदी जवळ आली तेव्हा त्याने सुकाणू गिरकीच्या विरुद्ध दाबलं आणि विमान सरळ झालं. खाली उतरल्यावर त्याने आपण काय काय केलं ते जाणकारांना सांगितलं आणि तो वृत्तान्त छापला गेला. लोक त्याला ‘पार्कची बुडी’ म्हणू लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका अपघातात पार्क गेला. पण त्याने सांगून ठेवलेलं मागे राहिलं. तो सुटला आणि गप्प बसला असता, तर ती सुटका त्याच्या एकट्याची ठरली असती.

दुर्दैव असं, की छापलेलं शहाणपण शाळेत पोचायला वेळ लागतो. दोनच वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. वैमानिक घाऊक हवे होते. ब्रिटिश विमानदलात शिकवायला कोण, तर आघाडीवर थकलेले, नसा ताणलेले वैमानिक. अनेकांना पुन्हा नवशिक्याच्या हाती जीव देण्याची धास्ती. काही विमानांत तर विद्यार्थ्याला वेगळी दांडीच नसे. शिक्षकाच्या पाठीमागून हात घालून तो दांडीचा अंदाज घ्यायचा. इंजिनच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नसे. विद्यार्थ्यांना तिथे एक टोपणनाव पडलं होतं, ‘हूण’. हूण म्हणजे तेव्हाच्या त्यांच्या भाषेत जर्मन शत्रू. आपली विमानं शत्रूपेक्षा हीच पोरं जास्त मोडतात, असा त्या विनोदाचा अर्थ. पण शिकणाऱ्याला शत्रूचं नाव दिलं, की शिकवणाऱ्याची जबाबदारी केव्हा संपली ते त्याचं त्यालाही कळत नाही.

अशा वेळी रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाचा एक विक्षिप्त अधिकारी पुढे आला. तो स्वतः पडलेला होता. ऑगस्ट १९१४ मध्ये, युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, फ्रान्समध्ये त्याचं विमान कोसळलं. सोबतचा माणूस गेला आणि त्याचे स्वतःचे दोन्ही पाय मोडले. पुढे १९१६ मध्ये तो फ्रान्समध्ये एका तुकडीचा प्रमुख झाला, तेव्हा जेमतेम सात तास उडालेली पोरं त्याच्याकडे लढायला पाठवली जात. ही पोरं मारायला पाठवणं म्हणजे खून आहे, अशा शब्दांत त्याने वरिष्ठांकडे तक्रार केली. एकामागून एक पत्रं लिहिली. शेवटी वरिष्ठांनी त्याला सांगितलं, की मग तूच शिकवून दाखव. १९१६ च्या अखेरीस त्याला इंग्लंडमध्ये गॉसपोर्टला पाठवलं.

तिथे त्याने तीन साध्या गोष्टी केल्या. पहिली, शिकवायला अ‍ॅव्हरो ५०४ हे चपळ विमान घेतलं आणि त्यात दोघांनाही पूर्ण दांडी-सुकाणू दिलं. दुसरी, शिक्षकाच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत रबराची एक नळी लावली. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी. पुढे जगभर ती ‘गॉसपोर्ट नळी’ म्हणून ओळखली गेली. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. तोवर विद्यार्थ्याला सांगत, हे करू नको, तिथे जाऊ नको, पडशील. स्मिथ-बॅरी म्हणाला, विद्यार्थ्याला संकटापासून लांब ठेवायचं नाही. शिक्षक सोबत असताना त्याला मुद्दाम संकटात न्यायचं आणि तिथून शांतपणे बाहेर कसं यायचं ते त्याच्याच हाताने करून घ्यायचं. स्टॉल, गिरकी, आडव्या वाऱ्यात उतरणं, सगळं. चूक वर्गाबाहेर ठेवण्याऐवजी त्याने तिला वर्गात, पहिल्या बाकावर आणून बसवलं. १९१७ मध्ये गॉसपोर्टला या पद्धतीची खास शाळाच उभी राहिली आणि तिथून तयार झालेले शिक्षक सगळीकडे गेले. आज जगात कुठेही विमान शिकणाऱ्याला स्टॉल करून दाखवतात आणि त्यातून सुटायला लावतात, त्याचं मूळ तिथे आहे.

आमचे मामू स्मिथ-बॅरीचं नावही न ऐकता गेले. मी सतरा वर्षांचा असताना बाजाराच्या मैदानात त्यांनी मला ट्रकच्या स्टिअरिंगवर बसवलं. मैदान एवढं मोठं आणि त्यात झाड एकच, कडुलिंबाचं. मी गाडी बरोबर त्या झाडावर नेऊन घातली. बंपर वाकला. मला वाटलं आता कानाखाली बसणार. मामू खाली उतरले, बंपर पाहिला, झाड पाहिलं आणि विचारलं, ‘‘झाडकू लगने के पैले तू किधर देख रहा था रे?’’ मी म्हणालो, ‘‘झाडकूच.’’ ‘‘बस,’’ ते म्हणाले, ‘‘जिधर देखेगा, गाडी उधरीच जाएगी.’’ एवढाच धडा. तो अजून विसरलो नाही.

पण याच घरातली दुसरी गोष्टही सांगायला हवी. मामूंच्या थोरल्या मुलाला एकदा मागच्या पाट्यातून करकर ऐकू येत होती. त्याच्या हातून गाडी खड्ड्यात जोरात आदळली होती. अब्बा रागावतील म्हणून तो बोलला नाही. तीन दिवसांनी घाटात मेन पाटा तुटला, गाडी एका अंगावर बसली आणि कांद्याच्या गोण्या रस्त्याभर झाल्या. माणसं वाचली ते नशीब. मामू त्या दिवशी खरंच रागावले. गाडी आदळल्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. राग होता तो गप्प राहिल्याचा. पण नंतर, रात्री जेवताना, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, की पोरगा गप्प बसला म्हणजे आपली भीती त्याला जरा जास्तच वाटत असणार.

मोठ्या विमानांच्या जगातही हेच घडलं आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं एक विमान वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे उतरताना डोंगरावर आदळलं. आतले सर्वच्या सर्व ९२ जण गेले. चौकशीत कळलं, की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून जवळजवळ आदळता आदळता वाचलं होतं. त्या वैमानिकांनी हे आपल्या कंपनीला प्रामाणिकपणे सांगितलं होतं आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केलं होतं. पण हे शहाणपण कंपनीच्या भिंतीबाहेर गेलंच नाही. या धड्यातून अमेरिकेत १९७६ मध्ये एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिकाने आपली चूक, आपली थोडक्यात हुकलेली आपत्ती लिहून कळवायची. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहणार. आणि ही पत्रं गोळा करायची जबाबदारी दिली गेली ‘नासा’ला, ज्या संस्थेच्या हातात शिक्षा करण्याचा अधिकारच नाही. तिला सांगायला भीती कसली?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अपघातांच्या चौकशीचे नियम १९५१ मध्येच स्वीकारले होते. त्यातलं आजचं सूत्र असं, की चौकशीचा हेतू एकच, पुढचा अपघात टाळणे. दोष कुणाचा आणि भरपाई कुणी द्यायची, हे ठरवणं हे तिचं काम नाही. आपल्या देशात अशा चौकशीसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र अन्वेषण ब्युरो स्थापन झाला. म्हणजे बेफिकिरीला माफी असते असं नाही. चार दिवसांत दोन विमानं पडली तर संस्थेला जाब विचारलाच पाहिजे, आणि तो विचारला गेला. पण जाब विचारणं वेगळं आणि कारण शोधणं वेगळं. दोन्ही एकाच माणसाने, एकाच आवाजात करायला घेतलं, की समोरचा गप्प बसतो.

आता आपल्या जुहूकडे येऊ. तिथल्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये जे.आर.डी. टाटा विमान शिकले. अवघ्या पावणेचार तासांच्या शिकवणीनंतर ते एकटे उडाले असं सांगतात, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्यावर क्रमांक होता १. त्या काळी फ्लाइंग क्लबांतून शिकवायला ‘मॉथ’ जातीची विमानं असत. दोन उघड्या जागा, एकामागे एक. शिक्षक पुढे, विद्यार्थी मागे. सायकल शिकवताना बाप मागे धावतो आणि त्याने हात केव्हा सोडला ते पोराला कळत नाही. इथे तसं नाही. एके दिवशी शिक्षक खाली उतरतो, पट्टे नीट बांधून ठेवतो आणि हात करून सांगतो, जा. विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर ती पुढची रिकामी जागा असते. एका माणसाचं वजन कमी झाल्याने विमानही नेहमीपेक्षा लवकर वर चढतं. नळीतून आवाज येत नाही. वर गेल्यावर त्याच्यापाशी उरतं ते तेवढंच, जे शिक्षकासोबत असताना त्याने चुकून चुकून शिकलेलं असतं.

कडबनवाडीच्या शेतात पडलेल्या विमानातही शेजारची जागा अशीच रिकामी होती. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिक व्हायला किमान २०० तास उडावं लागतं. त्यातले बरेच एकट्याने. त्यामागे कुठल्या तरी घरातलं कर्ज असतं, विकलेली जमीन असते, रात्री फोन वाजला की दचकणारी आई असते. अशा पोराचा वा पोरीचा मोडक्या विमानासोबतचा व्हिडिओ आपण मोबाइलवर पुढे ढकलतो आणि खाली हसण्याचं चित्र लावतो, तेव्हा आपण त्या जुन्या ‘हूण’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतो. ते चित्र उद्या उडणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्यालाही दिसतं. उतरताना चाक जरा जोरात आपटलं, तर ते शिक्षकाला सांगायचं की नाही, हे तो त्यावरून ठरवतो. आणि त्या चाकावर पुढच्या तासाला दुसरंच कुणी तरी उडणार असतं.

म्हणून यापुढे ‘शिकाऊ विमान कोसळले, वैमानिक किरकोळ जखमी’ अशी बातमी दिसली, तर किरकोळ या शब्दापाशी क्षणभर थांबा. चौकशी करणारा माणूस आता त्या शेतात जाईल, जखमी विद्यार्थ्यासमोर बसेल आणि विचारेल, त्या वेळी तू काय पाहिलंस, काय केलंस? विद्यार्थ्याने न घाबरता खरं सांगितलं पाहिजे. त्याला तसं सांगता यावं, एवढी मदत आपण नाक्यावर बसूनही करू शकतो.

कडुलिंबाला धडकल्यावर त्या रात्री मला झोप आली नाही. वाटलं, आपलं शिकणं संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामूंनी वाकलेल्या बंपरची ती गाडी मैदानात नेली, स्वतः खाली उतरले आणि चावी माझ्या हातात दिली. मी गाडी त्याच झाडाच्या शेजारून नेली. या वेळी मी रस्त्याकडे बघत होतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)